क्लीनआउटचं झाकण

डेटनमधल्या या घरामागं, हायड्रेंजियाच्या झुडपाशी
गवतात एक पांढरं झाकण आहे,
बशीएवढं, मधोमध चौकोनी बोंडी.
निशिकांतला सहा वर्षांत दिसलं नव्हतं.
मला पहिल्याच सकाळी दिसलं.
मिरज नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस
परक्या गावात आधी झाकणं शोधतो,
देवळं नंतर.

वॉफल म्हातारा झालाय. मागचे पाय माझ्यासारखेच.
दिवसातून तीनदा बसतो, कधी चारदा,
आणि बसताना असा बघतो
की आपणच मान वळवावी.
सून हिरव्या पिशव्या देते, लॅव्हेंडरच्या वासाच्या.
मंगळवारी ट्रक येईस्तोवर त्या गराजमधल्या पिंपात,
जुलैच्या उकाड्यात
लॅव्हेंडर आणि गू एकमेकांशी भांडत.

समोरचा हॅचर त्याच्या कुत्रीचं
खराट्यानं रस्त्याकडेच्या जाळीत सारतो.
त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं,
बाबा रे, ही पावसाची जाळी, सरळ नदीला जाते,
मधे गाळणारं कुणी नाही.
तो म्हणाला, तुम्ही तिकडं काय करायचात?
म्हटलं, हेच.

मग एक दिवस मोठा पाना घेऊन बसलो.
दोन आटे हटेनात, मग कुरकुरत सुटलं.
आत ओला काळोख. वास तोच,
ब्राह्मणपुरीच्या वळणावर यायचा तो.
फावड्यातलं आत, पिशवी नाही, खडा नाही,
वर बादलीभर पाणी एका दमात.
फुटाला पाव इंच उतार असेल तर
गडगडतं, घसरतं,
मग काहीच ऐकू येत नाही.
माझ्या धंद्यात याहून चांगला आवाज नाही.

बाबा, कुणी पाहिलं तर?
पाहू दे. वरच्या मजल्यावरून तुमचं जातं ते कुठं जातं?
कल्याणी हसली. निशिकांत नाही हसला.

खरं सांगायचं तर तिकडं मी वर उभा असायचो,
छत्री आणि वही घेऊन.
आत सदबा उतरायचा.
वर आल्यावर त्याला पाणी लागायचं,
ते कोण द्यायचं, मला आठवत नाही.

आपल्याकडं म्हणतात, गूमूत काढलं.
आया मुलांना ऐकवतात, सुना सासऱ्यांना,
भांडणात सगळ्यात शेवटी.
मला हे कुणाला ऐकवता आलं नसतं.
पोरांचं तिनं काढलं.
तिचं, शेवटचे पाच महिने, हौसाबाईनं,
साडेचारशे रुपये रोज.
भांड्यावर फडकं टाकून ती माझ्यासमोरून जायची
आणि मी पेपर थोडा वर धरायचो.
सगळ्या गावाची घाण कुठून कुठं जाते
मला तोंडपाठ होतं.
आमच्या खोलीपासून संडासापर्यंतची बारा पावलं
कुठल्याच नकाशात नव्हती.

काल रात्री तीन वाजता
स्वयंपाकघरात वॉफलचं झालं, उभ्याउभ्याच.
मी दिवा लावला तर त्यानं
तोंड भिंतीकडं फिरवलं.
ती छताकडं फिरवायची.
असू दे रे, म्हटलं. हे दोन शब्द
इतके सोपे होते.

गुडघे टेकले. हातमोजे सापडले नाहीत, शोधलेही नाहीत.
त्याचे पाय पुसले, शेपटीखालचं पुसलं,
तो थरथरत उभा राहिला.
मग पायजम्याच्या खिशात पाना,
दातांत टॉर्च, हातात बादली,
दंवातून झुडपापर्यंत. तो मागं मागं आला.

झाकण काढलं आणि तेवढ्यात
वर कुणीतरी साखळी ओढली,
म्हणजे बटण दाबलं; मी अजून साखळीच म्हणतो.
माझ्या तोंडाखालून पाणी धडधडत गेलं,
मुलाचं किंवा सुनेचं, कुणाला ठाऊक.
वॉफलनं कान टवकारले.
जाऊ दे त्यांचं आधी, म्हटलं.

आणि थांबलो,
फावडं आडवं धरून.
मग आमचं.